अर्ध्या वाक्यासाठी मदरबोर्ड

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, पूजा आटोपून मी आसन गुंडाळत असताना, आमचा जुना संगणक बंद पडला. पडद्यावर ‘तुम्ही मला’ एवढे दोनच शब्द उमटले होते. पुढचा शब्द येण्यापूर्वी पडदा काळा झाला. लिहिणारी माझी पत्नी होती. डावा हात कळफलकावर तसाच ठेवून ती कितीतरी वेळ त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिली.

गेल्या वर्षी तिला पक्षाघात झाला. ईश्वरकृपेने पाय सावरला, उजवा हातही थोडाफार हलू लागला, परंतु वाणी परतली नाही. अर्थ मनात पूर्ण उभा असतो, शब्दाचे पहिले अक्षर ओठांशी येते आणि तेथेच थांबते. मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे, त्या काळात माझी टिपणे आणि पुण्यातल्या छापखान्यांची कामे ती याच संगणकावर, एका जुन्या टंकलेखनाच्या प्रोग्रामवर करीत असे. कोणते अक्षर कोणत्या कळेखाली आहे हे ती डोळे मिटून जाणत होती. आजारानंतर घरी आल्यावर एके दिवशी ती आपण होऊन त्या खुर्चीत बसली आणि एकट्या डाव्या हाताने तिने लिहिले, ‘आमटीत मीठ नाही.’ त्या दिवसापासून ते यंत्रच तिचे मुख झाले.

मोबाइल आम्ही देऊन पाहिला होता. त्यावरची अक्षरे बारीक, त्यांची मांडणी निराळी. दोन ओळींतच तिने तो पलंगावर फेकला. कागदावर डाव्या हाताने काढलेली अक्षरे तिची तिलाच लागत नसत. म्हणून संगणक बंद पडणे ही आमच्या घरात केवळ यंत्राची गोष्ट नव्हती.

“तुम्ही मला… काय गं? मुलीकडे घेऊन चला, असे का?” मी विचारले.

तिने मान हलवली.

“देवळात?”

पुन्हा नकार. तिने स्वतः प्रयत्न केला. “तु… म्ही… म…”

“मला. हो, मला. पुढे?” मी म्हणालो, तसे तिने तोंड खिडकीकडे फिरवले. बाहेर कोळवण खोऱ्यातली भातकापणी उरकली होती, खाचरांत नुसते सड उरले होते. ती तेच पाहत बसली.

दुसऱ्या दिवशी संगणकाचा डबा धुवट पंच्यात बांधून मी एसटीने भूगावला गेलो. नव्या इमारतींच्या तळाशी एका ओळखीच्या गृहस्थांचे दुरुस्तीचे दुकान आहे. मूळचे ते भूगावचेच. ज्या जागी त्यांच्या वडिलांचे शेत होते, तेथेच आता त्यांचा गाळा आहे. पंचा सोडताच ते हसले.

“गुरुजी, ह्याला हळद-कुंकू कुनी लावलं? नवी गाडी घेतल्यावानी दिसतंय.”

“खंडेनवमीला आमच्याकडे यंत्राची पूजा होते.”

“तवाच एवढी वर्सं चाललाय. न्हाईतर ह्यो कवाच भंगारात जायाचा.” त्यांनी झाकण काढले आणि आतल्या फलकावरच्या नळीसारख्या बारीक भागांवर स्क्रूड्रायव्हरचे टोक ठेवले. “ह्यांची डोकी सपाट पायजेत. ही बघा, फुगल्यात. मदरबोर्ड गेला. प्रोसेसर, रॅम, डिस्क, बाकी समदं शाबूत हाय.”

सगळे भाग ज्यावर बसतात आणि ज्याच्याद्वारे एकमेकांशी संवाद करतात, तो हा फलक. न्यायशास्त्रात आधार आणि आधेय यांचा संबंध मी शिकवला आहे. आधार गेला की आधेय कितीही निर्दोष असले तरी निराश्रित होते. हे मी बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “व्हय, पर आधार नवा घेयाचा का जुना, त्ये सांगा.”

त्यांनी मला मार्ग समजावून सांगितले. पूर्ण नवा संगणक घेणे आमच्या आवाक्यात नव्हते. औषधे आणि वाचोपचार यांतच निवृत्तिवेतन सरते. जुन्या प्रोसेसरला जुळणारा नव्याने बनवलेला मदरबोर्ड मात्र स्वस्त मिळत होता.

“नवाकोरा हाय, वर्साची गॅरंटी. तुमचा प्रोसेसर बसंल, रॅम बसंल,” ते म्हणाले. “पर तुमची जुनी सिस्टीम ह्याच्यावर चालायची न्हाई. नवी टाकावी लागंल. अन् नव्या सिस्टीमवर तुमचा त्यो टायपिंगचा प्रोग्राम उघडायचा न्हाई.”

“आणि दुसरा?”

“एका हापिसातनं जुनी मशिनं आल्यात. त्यात तुमच्याच मॉडेलचा बोर्ड हाय. नव्याहून बी स्वस्त. त्याच्यावर समदं जसंच्या तसं चालंल. पर गॅरंटी मी देनार न्हाई. पाच वर्सं चालंल, न्हाईतर उद्या बसंल.”

जे अधिक टिकेल ते निवडावे, असे आयुष्यभर मी इतरांना सांगत आलो. येथे ते सांगणे उपयोगी पडेना. फलक टिकला आणि अक्षरे जागा बदलून बसली, तर ती पुन्हा मुकीच राहणार. पुष्कळ विचार करून मी जुन्यावर हात ठेवला. एवढी अडचण कोणासाठी, असे त्यांनी विचारले तेव्हा मी तिच्याविषयी सांगितले. त्यांनी हातातला मोबाइल बाजूला ठेवला.

“मग घाई करू नगा, गुरुजी. काकींचीच डिस्क लावून थोडं दिस हितंच चालवतो. मधी थांबला तर तुमाला देनारच न्हाई, दुसरा हुडकू.”

ते दिवस घरात फार शांततेत गेले, आणि ती शांतता मी माझ्या बोलण्याने भरीत राहिलो. पाठ म्हणताना विद्यार्थी अडला की गुरूने पुढचा शब्द पुरवावा, ही आमच्या पाठशाळेची रीत. त्याने पाठाचा ओघ तुटत नाही आणि मुलाचे मन खचत नाही. ती “पा…” म्हणाली की मी “पाणी?” म्हणे. “खि…” म्हणाली की उठून खिडकी लावीत असे. पुष्कळदा तिला पांघरूण हवे असे, किंवा खिचडी नको असे. मग ती डोळे मिटून घेई. वाणी नसल्याचेच हे दुःख आहे, असे मी समजत असे.

अखेर निरोप आला. संगणक न थांबता चालला होता. मी तो आणून जागेवर ठेवला, वायरी जोडल्या. पडदा उजळला आणि तिचा जुना प्रोग्राम उघडला, तशी तिने दोन्ही हात जोडण्याचा प्रयत्न केला. उजवा पुरता आला नाही. मग ती लिहू लागली. मी मागे उभा राहून एकेक अक्षर उमटताना पाहत होतो.

‘तुम्ही मला शब्द पुरवू नका. माझा शब्द मला सापडतो. तुम्ही आधीच बोललात की तो हरवतो. वेळ लागेल. थांबा.’

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. तिने कळफलकावरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“च…” ती म्हणाली.

चहाची वेळ झाली होती. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी दात घट्ट मिटून घेतले. तिच्या कपाळावरची शीर ताठ झाली. बाहेरून एसटी गेली, तिचा आवाज खोऱ्यात विरून गेला, तरी ती त्या एका अक्षरापाशीच उभी होती. मी थांबलो.

“च… ष्मा,” ती म्हणाली. आणि पुष्कळ वेळाने, “पुसा.”

मी माझा धुरकटलेला चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकाने पुसला.