आधी वाचून दाखव

आमच्या रिसोडच्या घड्याळवाल्या चाचांसमोर चिडून लिहिलेला मजकूर धरला, तर ते मानसुद्धा वर करायचे नाहीत. डोळ्याला भिंग, चिमट्यात इवलासा स्क्रू आणि तोंडात एकच वाक्य: "मले आधी वाचून दाखव."

फेसबुकवर आमच्या गावाचा गट आहे. चाचा आणि मी त्याचे अॅडमिन. तुमच्याही गावाचा असेलच, म्हणजे जास्त सांगायला नको. सुरुवात नाल्यांपासून होते आणि चौथ्या कमेंटला कुणाचा तरी बाप निघतो. माझी पद्धत सोपी होती, शिवी दिसली की उडव. चाचा उडवत नसत. पोस्ट अडवून ठेवायचे, लिहिणाऱ्याला दुकानात बोलवायचे आणि त्याचंच लिहिणं त्याला मोठ्यानं वाचायला लावायचे. करून पाहा एकदा. अंगठ्यानं सरसर लिहिलेली शिवी तोंडातून निघता निघत नाही. एक वकील तर दुसऱ्याच ओळीला थांबले, म्हणाले, चहा सांगा.

मला ही सगळी थेरं वाटायची, स्पष्टच सांगतो. माझं मेडिकलचं दुकान. गिऱ्हाईक उभं असताना गावाची शाळा कोण घेत बसणार?

मग शाळेच्या फाटकाजवळचं प्रकरण झालं. तिथं जवळच्या खेड्यातली एक मावशी भाजीची पाटी घेऊन बसायची. तिच्याभोवतीच्या गर्दीत माझ्या मुलीला मोटारसायकल घासून गेली, कोपर सोललं. माझं डोकंच फिरलं. मोटारसायकलवाला पळाला होता, मावशी सापडली. तिचा फोटो टाकला आणि लिहिलं की या खेड्यातल्या लोकांनी गावाचा उकिरडा केलाय, हिला इथून उठवा. अॅडमिनच मी, मला अडवणार कोण? दुपारपर्यंत तीनशे कमेंट. सोमवारी सगळ्यांनी जाऊन तिला हुसकायचं, इथपर्यंत ठरलं. तिचं पोट त्या जागेवर होतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

चाचांनी कमेंट बंद केल्या आणि मला बोलावलं. दुकानात स्टुलावर मावशी बसलेली.

"वाच," चाचा म्हणाले. "हिच्यासाठीच लिवलं नं? हिले वाचता येत नाही."

मी वाचलं. 'उकिरडा' तेवढा पुटपुटलो. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. पोरीचं कोपर कसं आहे, हळद लावली का, ते आधी विचारलं. मग म्हणाली, "भाऊ, मी सरकतो फाटकापासून. पण कुठं सरकू, तेबी लिवा नं."

तीनशे जणांत एकालाही ते सुचलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच ती पोस्ट काढली आणि नवी लिहिली: शाळेमागच्या गल्लीत माझ्या घराचा ओटा आहे, सोमवारपासून मावशी तिथं बसेल. टाकण्याआधी तिला वाचून दाखवली. तिनं त्यात 'सकाळी सातपासून' घालायला लावलं.

सोमवारी हुसकायला निघालेलेच लोक पिशव्या घेऊन ओट्यावर हजर. नऊ वाजता मेथीची एक जुडी उरली नव्हती. चाचा दुकान सोडून बघायला आले आणि कमरेवर हात ठेवून असे उभे राहिले की जणू पोरीचं लग्न लावलंय.

यंदा त्यांचे हात थरथरायला लागले, म्हणून लेक त्यांना कारंज्याला न्यायला आली. त्यांच्या जागी अॅडमिन कोण, यावर मोठमोठी नावं निघाली. चाचांनी मावशीचं नाव सांगितलं. लोक हसले. "बटन हा दाबीन," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ऐकीन मावशी." आता चिडलेली माणसं माझ्या ओट्यावर येतात, मावशीला वाचून दाखवायला लागतात, अर्ध्यात थांबतात आणि पाव किलो भेंडी घेऊन जातात.

चाचा कारंज्याला गेले त्या दिवशी मी निरोपाची लांबलचक पोस्ट लिहिली होती. मावशीनं भाजीवर पाणी मारता मारता ती ऐकली आणि म्हणाली, "एवढं कायले? चाचा, लवकर या, एवढंच टाका."

तेवढंच टाकलं. संध्याकाळपर्यंत खाली तीनशेवर कमेंट झाल्या. जन्मात ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही, त्यांनीही तेच तीन शब्द लिहिले होते.