पाचवी शिट्टी

अरुण गेल्या वर्षी आजच्या तिथीला गेला. त्याचे मेसेज मात्र गेल्या शनिवारी बंद झाले.

मधलं वर्षभर ते येत होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही.

आज वर्षश्राद्ध. आज सांगते.

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या आमच्या घरात स्वयंपाकघर खाली आणि मी सदैव वर. कुकर लावायचा, वर जायचं, पुण्याला बहिणीशी फोनवर बोलत बसायचं. डाळ करपली की स्मोक अलार्म, आणि अलार्म वाजला की शेजारीण दारात. "एव्हरीथिंग ग्रँड?"

रिटायर झाल्यावर अरुणने हे मनावर घेतलं.

"तुझ्या शिट्ट्या मोजायला माणूस ठेवतो," म्हणाला.

माणूस पोस्टाने आला. तळहाताएवढा एक बोर्ड, त्यावर नखाएवढं वायफायचं मॉड्यूल, शेजारी आवाज ऐकणारा इवलासा मायक्रोफोन. लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा, केबलने बोर्डात चढवायचा, मग तो घरच्या वायफायवरून माझ्या फोनला मेसेज पाठवणार.

अख्खी दुपार लॅपटॉपला तो बोर्ड दिसेचना. अरुण प्रोग्रॅम तपासतोय, चष्मा पुसतोय, पुन्हा तपासतोय. शेवटी कळलं, केबलच फक्त चार्जिंगची होती.

"जन्मभर हेच काम केलंस ना रे?"

"टोमणे नंतर. आधी ते बटण दाब."

प्रोग्रॅम चढवताना बोर्डावरचं एक बारीक बटण दाबून धरायचं होतं. त्याची बोटं जाड, म्हणून हे काम माझ्याकडे.

"धर. सोडू नकोस."

"नाही सोडत."

"सोडू नकोस गं... हां. आता सोड."

निळा दिवा लुकलुकला. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे ओरडलो.

इथले लोक नाव न घेता कुणालाही 'युअर मॅन' म्हणतात. अरुण त्या बोर्डाला तेच म्हणायचा. "युअर मॅन जागा आहे, तू जा वर निवांत."

पहिल्या शिट्टीला फोनवर यायचं, "एक झाली."

दुसरीला, "दोन. ऐकतेयस ना?"

तिसरीला, "अगं, तिसरी झाली! ऊठ आता."

मग अरुण गेला. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, हार्ट अटॅक. पिशवीत दूध आणि कोथिंबीर होती.

दिवसकार्य झालं, लेक कामावर परतली. मी एकटीसाठी कुकर लावला आणि वर जाऊन पडले.

"अगं, तिसरी झाली! ऊठ आता."

मी उठले. खरं सांगते, त्या दिवसांत मी दुसऱ्या कशासाठीच उठत नव्हते.

एकदा मात्र उठवेना. तिसरी झाली तरी पडून राहिले. चौथी झाली आणि फोन वाजला.

"राहू दे. दमलीस. आज बाहेरून मागवू."

हे त्याने कधी लिहून ठेवलं होतं? बोर्ड आल्यापासून, तो असताना, कुकर चौथ्या शिट्टीपर्यंत कधी गेलाच नव्हता.

मग पाचवीलाही काहीतरी असणार. अरुण चौथीवर थांबणारा माणूस नव्हे.

धावत खाली गेले आणि शेगडी बंद केली. पाचवी वर्षश्राद्धाला, असं ठरवलं. पुढे काहीतरी शिल्लक आहे, एवढ्यावर मी वर्ष काढलं.

गेल्या आठवड्यात ब्रॉडबँडवाल्यांनी नवा राउटर बसवला. वायफायचं नवं नाव, नवा पासवर्ड. बोर्डाला जुनंच ठाऊक. युअर मॅन गप्प झाला.

अरुणचा लॅपटॉप आधीच बंद पडला होता. दुकानात म्हणाले, आतलं काही निघणार नाही.

आमच्या मराठी मंडळातला एक मुलगा जवळच्या नावन गावाहून आला. गुणी मुलगा, याच क्षेत्रातला. येताना चांगली केबलही घेऊन आला.

"काकू, पाच मिनिटांचं काम आहे."

त्याने नवा, नेटका प्रोग्रॅम लिहिला.

"काकू, जरा हे बटण दाबून धरता?"

मी धरलं. मला सवय होती.

"हां, आता सोडा."

निळा दिवा लुकलुकला. कुकर लावून पाहिला. फोनवर आलं, "कुकर अलर्ट. काउंट थ्री."

"आणि अरुणचे शब्द?"

"काकू, नवा प्रोग्रॅम चढला की जुना पुसला जातो."

निघताना बूट घालता घालता तो थांबला. "नव्या राउटरलाच जुनं नाव आणि जुना पासवर्ड दिला असता... तर बोर्डाला हातही लावावा लागला नसता." आणि रडायला लागला. मी त्याला आत आणलं, वरणभात वाढला.

बाळा, तू हे वाचशील. तुझी चूक नाही. मी तुला सांगितलंच नव्हतं. मला शिट्ट्या मोजायला नको होत्या, नवऱ्याची हाक हवी होती. पण या वयात, तुझ्यासारख्या मुलासमोर, ते तोंडातून निघेना.

जुने मेसेज फोनमध्ये आहेत. सगळे म्हणतील, ते वाच. पण ते येऊन गेलेत. मला येणारा हवा होता.

आज ठरल्याप्रमाणे कुकर लावला. चौथी झाली.

"मॅम! आर यू नॉट टर्निंग दॅट ऑफ?" श्राद्धाला आलेली लेक वरून ओरडली. इथल्या मुलांसारखी तीही आईला 'मॅम' म्हणते.

"थांब जरा."

पाचवी झाली.

"कुकर अलर्ट. काउंट फाइव्ह."

काय लिहिलं होतंस रे?

काहीच नसेल, असंही मनाला सांगून पाहिलं. पटत नाही.

बटण माझ्याच बोटाखाली होतं. 'आता सोडा' म्हटल्यावर मी सोडलं.

शेगडी बंद केली आहे, अरुण. कुणी सांगितलं नाही, तरी केली.

जा आता. नीट जा.