वाकडा केलेला ड्राइव्ह

माझी शाळा चौथीपर्यंत. पण जळगावात फ्लॉपीचा ड्राइव्ह उघडून परत चालता करणारा आता मी एकटाच उरलोय, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात धुळ्याहून एक बाई आल्या. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेल्या. जवळ एक मोठी, जुनी फ्लॉपी. लिस्प नावाची एक भाषा आहे. ती तेव्हाच्या कॉम्प्युटरवर चालावी म्हणून बाईंनी स्वतः दोन वर्षं खपून प्रोग्राम लिहिलेला. आता तो त्यांना लॅपटॉपवर चालवायचा होता. पण दुसरी प्रत नाही.

"नाना, पुण्यात दोघांना दाखवली. कोरी आहे म्हणाले."

"त्यांना वाचता येत नाही म्हणून कोरी!"

बुरशी पुसून मी ती माझ्या ड्राइव्हमध्ये घातली. काहीच नाही. म्हणून विचारलं, "लिहिली कोणत्या मशीनवर?"

"कॉलेजातल्या. त्याचा ड्राइव्ह एकदा टेबलावरून पडला होता. पण नंतर चालायचा."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेबलावरून आदळल्यावर त्या ड्राइव्हचं लिहिणारं हेड सरकलं असणार. तो आपल्या वाकड्या रेघेवर लिहायचा, तिथंच वाचायचा. सरळ ड्राइव्हला ते दिसणार कसं? मी माझा एकुलता एक चांगला ड्राइव्ह खोलला आणि त्याचंही हेड तसंच वाकडं करायला स्क्रू सैल केला.

शेजारचा घड्याळवाला ओरडला, "नाना, चांगलं मशीन कसाले बिघाडी राह्यनात?"

"तू तुन्हं काम कर!"

केसभर सरकवायचं, कसायचं, वाचून बघायचं. दर खेपेला फ्लॉपी थोडी घासली जात होती. बाई म्हणाल्या, "नाना, राहू द्या आता. उरलीसुरली पण जाईल."

"एकदाच अजून."

तसं मी चारदा म्हणालो. चौथ्यांदा पडद्यावर तीन फायलींची नावं आली. बाई खुर्ची ओढून बसल्या.

पुढं महिनाभर खपून त्यांनी प्रोग्राम नव्या मशीनला बसता केला आणि लॅपटॉप घेऊन परत आल्या. मला म्हणाल्या, "लिस्पमध्ये अर्धविरामानंतरची ओळ मशीन सोडून देतं, ती माणसांसाठी असते. तिथं तुमचं नाव घालते."

"सरका, मी घालतो."

एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाकलं. दोनदा चुकलो, पण बाईंना हात लावू दिला नाही.