पाटावरचा पिवळा जावई

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. निदान चहाचा घोट तोंडात असताना तरी हसू नका, माझा शर्ट नवा आहे. आता काय सांगू तुम्हाला, पन्नाशीला टेकलेल्या माणसानं आरशापुढे फार वेळ उभं राहू नये! मी राहिलो आणि सासुरवाडीत माझी जी शोभा झाली, ती अख्ख्या अकोल्यानं पाहिली. बरं, अख्ख्या नाही. पण एका गल्लीनं तर पाहिलीच.

माझी अमरावतीला राजापेठेत गणिताची शिकवणी आहे. दिवसभर उभं राहून शिकवायचं म्हणजे माणूस बारीक राहायला पाहिजे की नाही? पण क्लासच्या जिन्याखालीच गिल्या वड्याची, म्हणजे दही-चटणीत भिजवलेल्या वड्याची गाडी! दोन बॅचच्या मधे प्लेट वर यायची, आणि ती कुठं जायची ते माझ्या पोटाला विचारा.

तीन वर्षांमागं धोंड्याचा महिना आला. अधिक मासात जावयाला घरी बोलावतात, पाटावर बसवून ओवाळतात, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात. वर्षभर ज्याला कोणी विचारत नाही, त्या जावयाचा तो हक्काचा दिवस. मी अकोल्याला गेलो, पाटावर बसलो, धोंडे खाल्ले. उठायची वेळ आली आणि मला काही उठता येईना. एक हात जमिनीला, दुसरा भिंतीला, तरी बूड हलेना.

शेजारच्या पाटावर माझे साडू, विजयराव. वरूडला त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. माणूस काटकुळा, खातो माझ्या दुप्पट आणि कुठं दिसत नाही. ते टुणकन उठले, मला हात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, जेसीबी बोलावू का?"

घर हसलं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. माझी सख्खी बायको, शैला, ती तर भिंतीला टेकून हसली! त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, पुढच्या धोंड्याला पोटभर जेवीन आणि या पाटावरून हात न टेकता उठीन. विजयरावांच्या डोळ्यांदेखत उठीन.

पुढचा धोंडा तीन वर्षांनी. म्हणून दोन-सव्वादोन वर्षं मी निवांत होतो. आपला स्वभावच तसा, परीक्षा जवळ आल्याशिवाय अभ्यास नाही. मग एकदम जाग आली आणि सगळंच बंद केलं. वडा बंद, भात बंद, साखर बंद. सकाळी काकडी, रात्री काकडी, मधे काळा चहा आणि शैलाचं बोलणं.

वजन उतरलं हो! झरझर उतरलं. पण आता गंमत ऐका. ते पोटावरून उतरलं थोडं आणि तोंडावरून उतरलं जास्त. गाल लोंबले, गळ्याखाली कातडीची झोळी झाली, डोळे आत गेले. रस्त्यात लोक थांबवून हळू आवाजात विचारायला लागले, "सर, शुगर निघाली का हो?" एका पोराचे वडील तर फी भरता भरता थबकले. "सर, पोराची बॅच पुरी कराल ना तुमी?"

शैलानं मला आमच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. ते म्हणाले, "सर, एवढी घाई काहून करता? या वयात कातडी लगेच आवळत नाही. वजन सावकाश उतरवा. डाळ, उसळ, दही पोटात जाऊ द्या. पाणी प्या, थोडा व्यायाम करा, उन्हात तोंड झाका." यातलं मी काय ऐकलं? फक्त शेवटचं.

धोंड्याचं बोलावणं आलं. शैला पुरणाला हातभार लावायला दोन दिवस आधीच अकोल्याला गेली. मी घरी एकटा. जायच्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकलो. असं तोंड घेऊन गेलो तर विजयराव जेसीबी सोडून तिरडीच बोलावतील!

मोबाइल हातात घेतला. त्यात एक बाई सांगत होत्या, संत्र्याच्या सालीची भुकटी, दही आणि चिमूटभर हळद लावा, कातडी आवळते, तेज येते. साल घरात होतीच, शैला वाळवून बरणीत ठेवते. हळद सासूबाईंनी दिलेली, घरी कुटलेली. बाई म्हणाल्या चिमूटभर. मी म्हटलं, चिमूटभरानं चिमूटभर तेज येईल, मला तर आजच्या आज पाहिजे. घातले दोन चमचे. पोरांना गुणोत्तर-प्रमाण शिकवणारा मी, बरं का!

तोंडाला थापलं, गळ्याला थापलं, उरलं ते वाया कशाला घालवायचं म्हणून हातांनाही चोपडलं. कूलरसमोर पाच मिनिटं टेकलो. आठ महिन्यांच्या उपाशी माणसाला कूलरसमोर पाच मिनिटं पुरतात होय? जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून पार भिंतीवर चढलं होतं आणि माझं तोंड वाळून कडक झालं होतं.

धुतलं. पिवळं. साबण लावला, तर फेस लाल! पाणी मारलं, पुन्हा पिवळं. हा फेस लाल का झाला, हे सातवीतल्या पोरानंही सांगितलं असतं. पण मी गणिताचा माणूस, विज्ञानात लक्ष घालत नाही. बेसन लावलं, दूध लावलं. गाल पिवळे, गळा पिवळा, नखंसुद्धा पिवळी. डोळ्यांत गेलं म्हणून डोळे चोळले, तर ते तांबडेलाल.

पण मे महिन्यात वऱ्हाडात एक सोय असते. तोंडाला दुपट्टा बांधला की चोर असो की प्राध्यापक, सगळे सारखेच दिसतात. मी दुपट्टा गुंडाळला आणि एसटीत बसलो. वाटलं, अकोला येईपर्यंत घामानं निघून जाईल. घामानं ते आणखी पसरलं, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

दारात सासूबाई, मागं शैला, बाजूला विजयराव. मी दुपट्टा सोडला.

सासूबाईंच्या हातातला तांब्या खाली ठेवला गेला. "अवं माय! जावईबापूले कावीळ झाली वं!"

"नाही नाही, ऊन लागलं थोडं," मी म्हटलं.

"उनानं मानूस काळा होते, पिवळा नाई होत! अन् वाळले किती पाहा! पार हाडं दिसून राह्यले."

विजयरावांनी माझा हात धरून नखं पाहिली आणि सासूबाईंना म्हणाले, "नखंही पिवळे आहेत, मामी. अंगात मुरली हे."

"डोळे पाहा ना! कावीळ जुनी झाली का असे लाल होतात!" सासूबाई म्हणाल्या. अशी कावीळ कोणत्या पुस्तकात आहे, मला ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना सरळ! अहो, कसं सांगू? शिकवणीत ज्याच्या आवाजानं पोरं थरथरतात, तो मास्तर तोंडाला उटणं फासून झोपला होता, हे विजयरावांसमोर सांगू? त्यापेक्षा कावीळ परवडली.

शैला जवळ आली आणि तिनं नाक फेंदारलं. "तुमच्या आंगाले संत्र्याचा वास काहून येऊन राह्यला?"

"बसमधे संत्रं खाल्लं," मी ठोकून दिलं.

"मे महिन्यात?" विजयराव म्हणाले. "माह्या बगीच्यात एक फळ नाई, तुमाले बसमधे कुठी भेटलं?"

"शीतगृहातलं असेल," मी म्हटलं. शैला माझ्याकडे पाहत राहिली. तिला तिथंच कळलं होतं, असं ती आता सांगते. मग बोलली का नाही? तर म्हणे, माझी बरणी रिकामी केली, भोगा!

पाट मांडले होते. आतून तुपाचा वास येत होता. धोंडे तळले जात होते हो! आठ महिने मी ज्या वासाची स्वप्नं पाहिली, तो वास. मी सवयीनं पाटाकडे वळलो, तर सासूबाई आडव्या आल्या.

"कावीळवाल्याले तूप नाई चालत, बापू. तुमाले लाह्या देतो अन् उसाचा रस."

लाह्या! विजयरावांना धोंडे आणि मला लाह्या! खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाटलं, कावीळच आहे ती, डोळ्यांतून उतरून राहिली.

तेवढ्यात सासरे चपला घालून निघाले, "ऑटो आणतो, रक्त तपासून घेऊ." आता सुई म्हटलं की मला घाम फुटतो. लग्नाच्या आधीपासून फुटतो. मी घाईनं म्हटलं, "रक्तबिक्त कशाला? दुसरा काही उपाय नाही का?"

"आहे ना!" सासूबाई खूश झाल्या. "शेजारच्या गोदाबाई कावीळ उतरवते. चुन्याच्या पान्यानं. हात लावला का वढून घेते."

चुन्याचं पाणी! ना सुई, ना गोळी. मी म्हटलं, बोलवा. सासऱ्यांनी मान हलवली, "आज हे करा, उद्या सकाळी रक्त द्याच," आणि बसले. गोदाबाई आल्या. त्यांच्यामागं आणखी पाच-सहा बाया आल्या, कारण एवढा पिवळा मास्तर गल्लीनं पाहिला नव्हता. मला अंगणात स्टुलावर बसवलं. गोदाबाईंनी पितळी परातीत चुन्याचं पाणी घेतलं, काहीतरी पुटपुटल्या आणि माझ्या दोन्ही हातांवरून, मग तोंडावरून, गळ्यावरून चांगलं चोळून फिरवलं.

मला काही कळलं नाही. मग एक बाई ओरडली, "रगत! रगत निंगलं वं माय!"

गोदाबाईंनी परात सोडली. "अशी जहाल कावीळ म्या जलमात नाई पाह्यली बाप्पा!"

मी हात पाहिले. लालभडक! विजयरावांनी मोबाइलचा कॅमेरा माझ्यासमोर धरला. तोंड लाल, कान लाल, गळा लाल. मीसुद्धा घाबरलो, खोटं कशाला बोलू? म्हटलं, कावीळ खरंच होती की काय!

आणि सासूबाई पुढं आल्या. त्यांनी माझ्या गालावरून एक बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं, नाकाशी नेलं. जन्मभर पाय मुरगळलेल्यांना हळद-चुन्याचा लेप लावलेली बाई ती. हळदीला चुना लागला की काय होतं, हे तिला कोणी शिकवायचं?

"हे तं हळद व्हय!" त्या म्हणाल्या. "माह्याच घरची हळद व्हय! जावईबापू, तुमी तोंडाले हळद लावली?"

सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"ते... कातडी जरा सैल झाली होती..." मी म्हटलं.

बस. पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. गोदाबाई परातीशेजारीच बसून हसायला लागल्या. सासरे चष्मा काढून डोळे पुसत होते. विजयराव तर अंगणातल्या कडुनिंबाला धरून उभे. "सर, नवरदेव कोण आहे? हळद तं लागली!"

मी उठलो तोंड धुवायला. सासूबाईंनी हात धरला. "नळ उद्या येते. एवढं पानी कुठून आणू? अन् धोंडे थंडे होऊन राह्यले, बसा तसेच."

म्हणजे धोंडे मिळणार होते! मी तसाच लाल तोंडानं पाटावर जाऊन बसलो. सासूबाई ओवाळायला तबक घेऊन आल्या. कुंकवात बोट बुडवलं, माझ्या कपाळापर्यंत आणलं आणि बोट तिथंच थांबलं.

"बापू, कुंकू कुठी लावू? दिसनच नाई."

"मग हळद लाव ना," शैला म्हणाली.

त्यांनी हळद लावली. कपाळाला चुना होताच. तीही लाल झाली!

असो. धोंडे आले. तूप आलं. मी मान खाली घातली आणि जेवलो, आठ महिन्यांचं एका बैठकीत जेवलो. आणि मग तो क्षण आला. मी श्वास घेतला, हात छातीशी बांधले आणि उठलो. न टेकता! ना जमीन, ना भिंत! सरळ उभा राहिलो, पोट आत घेतलं आणि विजयरावांकडे पाहिलं.

विजयराव आणि बाकी सगळे मोबाइलवर डोकं खुपसून माझ्या तोंडाचा फोटो पाहत होते.

"मी उठलो," मी म्हटलं.

"केव्हा?" विजयरावांनी वर पाहिलं. "हात टेकून उठले असान."

"नाही! शपथ! हात न टेकता!"

"आमी नाई पाह्यलं, बावा. बसा, पुन्हा उठून दाखवा."

आता शहाणा माणूस बसला असता का? मी बसलो. आणि बसलेला जावई दिसला की सासूबाईंचा हात थांबत नाही. तीन धोंडे ताटात पडले, वर तुपाची धार. टाकता येतात का? खाल्ले.

आता सगळ्यांचे मोबाइल बाजूला. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी श्वास घेतला, हात छातीशी बांधले, जोर लावला. काहीच हललं नाही. पुन्हा लावला. एक हात जमिनीला, दुसरा भिंतीला. भिंतीवर लाल पंजा उमटला, मी होतो तिथंच राहिलो.

विजयराव माझ्यासमोर उभे होते. गडी भला, या वेळी त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही.

मीच म्हटलं, "भाऊ, बोलवा जेसीबी."