गूळ मातीसारखा लागला ती दुपार

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणत असू. बाभळीचा काटा लागून त्यांच्या अंगठ्याला जखम झाली आणि दोन महिने ती चिघळतच राहिली. जळगावच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. गोड बंद केलं नाही तर पाय कापावा लागेल म्हणाले. आबांनी मान डोलावली आणि परतताना गाडीतच धोतराच्या सोग्यातला गूळ तोंडात टाकला. सासूबाई भांडून थकल्या. मी तर त्यांच्यासमोर कधी बोललेलेच नव्हते. पदर ओढून ताट ठेवायचं आणि वळायचं.

सातपुड्याकडची एक बाई डिंक, चारोळी विकायला यायची. तिला मी हे सांगितलं. तिने टोपलीतून वेलीची पानं काढून दिली.

"हाऊ पाला चाव, माय. मंग साखर खाय. बठ्ठी रेती शे." म्हणजे साखर नुसती वाळू लागेल.

चुलीपाशी बसून मी दोन पानं चावली, तोंड धुतलं आणि साखर खाल्ली. दाणे जिभेवर कळत होते, पण गोडी नव्हती. मीठ खारट लागलं, मिरची झोंबली. फक्त गोड तेवढं नाहीसं झालं होतं. भाकरी थापून होईपर्यंत ते हळूहळू परत आलं. उरलेली पानं मी पदराला बांधून ठेवली.

धाकटे दीर कॉलेजातून सुट्टीला आले होते. साखरेची गोडी अशी जाते कुठे, असं त्यांना विचारलं, तर त्यांनी पळीत साखर घेऊन विस्तवावर धरली. ती वितळली, लाल झाली, वर धरलेल्या झाकणीला पाण्याचे थेंब आले आणि खाली काळा कोळसा उरला.

"साखर म्हणजे एवढंच, वहिनी. कोळसा आणि पाणी."

"मग गोडी कुठे असते?"

"ते आमच्या मास्तरांनाही सांगता यायचं नाही."

त्या दुपारी मी पानं आबांपुढे ठेवली. "आधी हे चावा, मग गूळ खा."

मी बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असावं. त्यांनी पानं चावली, गूळ तोंडात घातला आणि थुंकून टाकला. दुसरा खडा घेतला. तोही थुंकला.

"माती आहे ही. माझी जीभ गेली का गं?"

"परत येते. मी आधी चावून पाहिलंय."

 मग सोग्यातला उरलेला गूळ काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

पुढे गुळाची आठवण झाली की ते स्वतःच पाला मागत. ओट्यावर आलेल्या म्हाताऱ्यांनाही चहाआधी चावायला लावत. "आबा, तुमच्या घरचा चहा म्हणजे काढा," असं ते म्हातारे म्हणत, आणि पुन्हा येत.

होळीपर्यंत जखम भरली. वहाणा घालून आबा शेतात गेले, त्या सकाळी मी दारात उभी राहून त्यांची पावलं बघत होते. इतकं मोठं माणूस, आणि दोन पानांनी जिभेवरची गोडी घटकाभर पुसली, तेवढ्यावर त्यांचा पाय उभा होता.