दुसऱ्या पायावरची चादर

फोन आला तेव्हा मी वर्गात प्लास्टर कापायचं यंत्र हातात घेऊन उभी होते. समोर नोकरीतून वर्षभरासाठी आलेल्या नर्सेस होत्या, हाडं आणि अपघात यांच्या शुश्रूषेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणाऱ्या. फोनवर नामदेवभाऊ, शेवंता सिस्टरांचा धाकटा भाऊ. "माधुरीबाई, ताई गेली जी... सकाळी उठून बसली, चहा मांगला, अन् एकदम दम लागला. चहा येईपर्यंत काई उरलं नाई." आठ दिवसांपूर्वी त्या अंगणात घसरून पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशनही नीट झालं होतं. पायातली गुठळी फुप्फुसात गेली असणार. अशा रुग्णाच्या पोटऱ्या रोज तपासा, असं आम्हाला घसा कोरडा करून सांगणारी बाई त्यातच गेली याचा मला आधी राग आला. वर्ग मी पूर्ण केला. रडू दुसऱ्या दिवशी आलं.

सिस्टर मार्कंड्याजवळच्या, वैनगंगेत जाळं टाकणाऱ्या घरातल्या. मी जिल्हा रुग्णालयात नोकरीला लागले तेव्हा त्या नुकत्याच नागपूरहून हाच अभ्यासक्रम करून आल्या होत्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी अर्ज भरला, तेव्हा ऑफिसातले बाबू म्हणाले होते, "बाई, आता हे शिकून का करता? पेन्शनचे कागद पाहा." त्या गेल्याच. पुस्तकं इंग्रजी, वर्गातल्या मुली लेकीच्या वयाच्या, आणि ह्यांच्या वह्या मात्र मराठीत, शेजारी पायाची, हाताची चित्रं. परत आल्यावर वरिष्ठांनी त्यांना कित्येक महिने लसीकरणाला बसवून ठेवलं. आपल्याकडे शिकून आलेल्या माणसाचं असंच होतं! शेवटी आमच्या हाडांच्या वॉर्डाच्या इनचार्ज झाल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला पलंगाभोवती उभं केलं. "प्लास्टर चढवून डॉक्टर जाते," त्या म्हणाल्या, "मंग त्या पायाजवळ कोन राह्यते? आपन. बोटं पाहाची, गरम हायेत का थंडी, रंग कसा हाये, हालतेत का. अन् एकच पाय पाहून भागत नाई पोरींनो. दुसऱ्या पायावरची चादर काढून दोनी पाय सोबत पाहाचे." आम्ही माना डोलावल्या. मनात म्हटलं, ही बाई काम वाढवायलाच नागपूरला गेली होती.

पुढच्याच उन्हाळ्यात जिवतीकडच्या डोंगरातून जंगूबाई आली. गोंड बाई, तिशीची, चारोळी तोडताना झाडावरून पडलेली. डाव्या नडगीचे दोन तुकडे. प्लास्टर चढलं. दुपारची पाळी माझी होती. मी तिच्या बोटांकडे पाहिलं, ती निळसर काळी दिसत होती. पण तिच्या पावलावर घोट्यापासून बोटांपर्यंत गोंदण होतं, ठिपके आणि रेघा, हिरवट निळ्या. मी मूल गावची. आमच्या बाजारात येणाऱ्या गोंड बायांचे असे पाय लहानपणापासून पाहिलेले. बाहेरगावची नर्स असती तर दचकून डॉक्टरांना बोलावलं असतं तिनं. मला ओळखीचं वाटलं, म्हणून मी दचकले नाही. "मुंग्या येतात," ती म्हणाली. मी म्हटलं, "येतेतच बाई, नवं प्लास्टर हाये." उजव्या पायावर चादर होती. ती मी काढली नाही. काढली असती तर त्या पायावरच्या ठिपक्यांमधली कातडी चांगली तांबूस दिसली असती... आणि डाव्या पायावरची तशी नव्हती. तक्त्यावर मी 'रंग ठीक' असं लिहिलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी राउंडला दोन्ही पाय उघडे केले आणि डॉक्टरांची वाट न बघता स्वतःच्या हातानं प्लास्टर फाडलं. घट्ट प्लास्टरमध्ये सुजलेल्या पायाचं रक्त थांबलं होतं, उशीर झाला होता. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

तक्त्यावर सही माझी होती. सिस्टरांनी मला लिननच्या खोलीत नेलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्या इतकंच म्हणाल्या, "तू गप राह्यजो." मी म्हटलं, "पण सिस्टर, चूक माझी..." "मले मालूम हाये कोनाची हाये ते. चौकशी लागली तं तुझा कोर्सचा फारम कोन पुढं पाठवीन? मी शिकून आली, मले तुमाले शिकवता नाई आलं. जे होईन ते माझं होऊ दे." जंगूबाईच्या नवऱ्यासमोर त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चूक आमच्याकडून झाली. वॉर्ड माझा हाये." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. चौकशीतही घेतलं नाही. त्यांचा वॉर्ड गेला आणि त्या कपड्यांच्या भांडारात चादरी मोजायला गेल्या. निवृत्तीपर्यंत तिथंच होत्या. अख्ख्या जिल्ह्यात हे शिक्षण घेतलेली दुसरी नर्स आमच्या माहितीत नव्हती.

मी कोर्सला गेले. पास झाले, पुढे तिथंच शिकवायला लागले. दरवर्षी नव्या तुकडीसमोर एक व्याख्यान द्यायला मी सिस्टरांना बोलवायची, आणि त्या दरवर्षी जंगूबाईची हकिगत सांगायच्या. "माझ्या हातून एका बाईचा पाय गेला," अशी सुरुवात. गोंदण, मुंग्या, चादर, सगळं सांगायच्या, माझ्या जागी स्वतःला ठेवून. मुली रडायच्या. मी मागच्या बाकावर मूग गिळून बसायची आणि शेवटी आभार मानायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, दरवेळी वाटायचं, आज त्या माझ्याकडे बघतील. त्यांनी कधीही बघितलं नाही. मी भित्री निघाले, दुसरा शब्द नाही.

तेराव्याला गेले तेव्हा नामदेवभाऊंनी विचारलं, "जिवतीले कोन सांगन आता?" मला कळेना. मग त्यांच्याकडूनच समजलं की सिस्टर दर पोळ्यानंतर एसटीनं जंगूबाईकडे जायच्या. नकली पायाचे पट्टे बघायच्या, उरलेल्या पायाच्या खुंटाला जखम झाली असेल तर धुऊन मलम लावायच्या, एक दिवस राहून परत यायच्या. इतकी वर्षं. मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

मी गेले. जंगूबाई अंगणात ज्वारी पाखडत होती, केस पांढरे झालेले. सिस्टर गेल्याचं सांगितलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ गोंडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत राहिली. मग मी बोलले, आडपडदा न ठेवता. त्या दुपारी तुझा पाय बघायला मी होते, चादर मी काढली नाही, सिस्टरांचा त्यात काही दोष नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. चेहरा तसाच.

"तिले इचारलं होतं मी," ती म्हणाली. "ती दुपारची पोरगी कुठी हाये? तं म्हने, शिकाले गेली. मोठी होऊन येईन अन् तुले सोता सांगन. दर साली इचारलं. दर साली हेच म्हने."

मी खाली, तिच्या सुपाशेजारी बसले.

"तू आली," ती म्हणाली. "पन बाई मेल्यावर आली."

सिस्टरांच्या सवयीप्रमाणे मी पिशवीतून मलम काढलं, पाय बघू का म्हणून विचारलं. तिनं लुगडं गुडघ्याखाली ओढून घेतलं. "आज नाई," ती म्हणाली, आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली.