सातनंतर तुटणारं कनेक्शन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: आमच्या घरातलं कनेक्शन वहिनींमुळं नाही, माझ्यामुळं तुटत होतं.

भवानी पेठेतल्या घरी वहिनी संगणकावर चादरींच्या नक्ष्या काढायच्या. एका कारखान्याचं काम त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं. घरातल्या सगळ्या संगणकांच्या फायली एका जागी राहाव्यात म्हणून जिन्याखाली नेटवर्क स्टोरेजचा डबा बसवला तो मी. ‘त्यातलं कळणारा’ मीच. काही दिवसांनी वहिनींच्या संगणकावरून तो डबा मधेच दिसेनासा व्हायला लागला. मी वायर बदलली, राउटर हलवला, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. दुसऱ्या दिवशी तेच.

वहिनींनी मग वही सुरू केली. माग कधी थांबला ते कारखान्यात लिहून ठेवतात, तशा त्या कनेक्शन तुटल्याच्या वेळा लिहायच्या. एकदा वही माझ्यापुढं धरून हसत म्हणाल्या, “भावजी, बघा की. रोज सातनंतरच जातंय. तुम्ही मोहोळच्या ऑफिसातून आलात की ह्याला धडकी भरते वाटतं!”

“भलतं बटण दाबत असाल तुम्ही,” मी म्हणालो. वही वाचलीसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात फाईल साठवताना कनेक्शन गेलं. फाईल परत उघडलीच नाही. पाच दिवस खपून काढलेली नक्षी गेली, आणि कारखान्यानं काम दुसऱ्याला दिलं. जेवताना दादा त्यांना म्हणाला, “जमत न्हाय तर सोड की. कशाला डोक्याला ताप?” वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी आमटी वाढून घेतली.

दोन दिवसांनी डब्याची सेटिंग चाळताना दिसलं. नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. डब्याचाच पत्ता मी कधीतरी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपलाही देऊन बसलो होतो. संध्याकाळी घरी येऊन मी लॅपटॉप उघडला, की एका पत्त्यावर दोघं, आणि वहिनींचा संगणक डब्यापर्यंत पोचायचाच नाही. मी लॅपटॉपच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला. मिनिटही लागलं नाही.

वहिनींनी तोवर संगणक सोडला होता, आणि त्यानंतर कनेक्शन एकदाही तुटलं नाही.

“हिनं हात काढला आणि बघ, कसं सुरळीत झालं!” दादा म्हणाला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी नुसतं “हं” म्हणालो. भीती कसली नव्हती. जाणकार म्हणून घरात जी पत होती, ती सोडवेना.

वहिनी आता लोकांच्या साड्यांना फॉल लावतात. मी संध्याकाळी लॅपटॉप उघडतो, उगाच जिन्याखाली जाऊन डब्याचे दिवे बघतो, येऊन बसतो, पुन्हा उठतो. परवा त्यांना लेकीच्या लग्नाचे फोटो बघायचे होते. म्हणाल्या, “तुम्हीच लावून द्या भावजी. मी हात लावला की बिघडतंय.”

लावून दिले.

दादा समोर बसलेला असताना, सगळ्यांच्या देखत, ‘चूक माझी होती’ एवढं सांगायचं मी वहिनींचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.